जेट इंजिनाचा जमाखर्च



विमान डोक्यावरून गर्जत गेले म्हणजे त्याच्या मागे सुटणारा झोत बाहेरच्या हवेला रेटतो आणि त्या रेट्याने विमान पुढे सरकते, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः इंजिन हवा आत घेते, तिला अधिक वेगाने मागे फेकते, आणि त्या फेकण्याची प्रतिक्रिया न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार इंजिनावरच होते. मागच्या हवेच्या आधाराची त्यास गरज नाही. हा भाग सोपा आहे. हे यंत्र मुळात स्वतःच्या बळावर फिरत राहते कसे, हा प्रश्न मात्र मला आयुष्यभर मोह घालीत आला आहे.

पुढे हवा दाबणारा संपीडक, मध्ये इंधन जाळणारा दहनकक्ष आणि मागे टर्बाइन, अशी याची रचना. संपीडक व टर्बाइन एकाच दांड्यावर बसविलेले, आणि संपीडकाला फिरविण्याचा सारा भार टर्बाइनवर. तेव्हा कोणी चिकित्सक विचारील, की हवा दाबताना जे कार्य खर्ची पडले तेवढेच ती प्रसरण पावताना परत देणार. मग शिल्लक राहते कशी? याचे उत्तर ऊष्मागतिकीत आहे. दाब सारख्याच प्रमाणात उतरत असता, वायूचे निरपेक्ष तापमान जितके अधिक तितके तो अधिक कार्य देतो; थंड असताना दाबावा आणि तप्त असताना प्रसरू द्यावा, यातच सगळी कमाई आहे.

आकडे घेऊन पाहू. १५ अंश सेल्सियसची, म्हणजे निरपेक्ष मापाने २८८ अंशांची हवा चौपट दाबली, तर आदर्श यंत्रात ती ४२८ अंशांवर जाईल. कार्य तापमानाच्या फरकाने मोजले, तर खर्च १४० अंशांचा. इंधन जाळून, दाब जवळजवळ तोच ठेवून, तिला १०५० अंशांपर्यंत तापविली आणि पूर्वीच्या दाबापर्यंत उतरू दिली, तर ती ७०७ अंशांवर येईल. जमा ३४३ अंशांची. शिल्लक भरघोस दिसते. परंतु आपले संपीडक व टर्बाइन शेकडा साठच कार्यक्षम असतील, तर खर्च २३३ वर चढतो आणि जमा २०६ वर घसरते, म्हणजे कितीही इंधन ओतत राहिलो तरी त्या तापमानाला यंत्र स्वतःला फिरवू शकणार नाही. तीच कार्यक्षमता शेकडा ऐंशी करा, खर्च १७५, जमा २७४. शंभराच्या आसपास शिल्लक हाती येते. वायुटर्बाइनची कल्पना जुनी असूनही ती इतकी वर्षे कागदावर का रखडली, याचे कारण माझ्या मते या चार आकड्यांत सापडते.

दुसरा उपाय तापमान वाढविण्याचा. पण तेथे धातू आडवा येतो. आजच्या इंजिनांत टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या पात्यांच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो. संपीडकातून काढून घेतलेली हवा पात्यांच्या पोटातील बारीक मार्गांतून खेळवून त्यांना वाचवितात. दाब चौपटीऐवजी चाळीसपट केला, तर आदर्श चक्राची कार्यक्षमता शेकडा ३३ वरून ६५ पर्यंत जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे अभियंते या दोन्ही दिशांना एवढे का झटतात ते उमगेल.

हे सारे फ्रँक व्हिटल या तरुण ब्रिटिश वैमानिकाने ओळखले आणि १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला. हवाई खात्याने त्याची दखल घेतली नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाची पाच पौंडांची फी भरणे न झाल्याने पेटंटची मुदत संपली. एवढ्या क्षुल्लक रकमेपायी सरकारी दफ्तराने असा हक्क हातचा जाऊ द्यावा, ही अक्षम्य हयगय होती असे माझे स्पष्ट मत आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे त्याचे इंजिन प्रथम चालले, तेव्हा इंधनाची झडप बंद केल्यावरही आत साचलेल्या इंधनावर त्याचा वेग वाढतच गेला, आणि भोवतालची माणसे जीव घेऊन पळाली. पहिले जेट विमान आकाशात चढविण्याचा मान मात्र, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, जर्मनीत स्वतंत्रपणे खपणाऱ्या हान्स फॉन ओहाइन याच्या इंजिनाला मिळाला. व्हिटलच्या इंजिनावरील विमान १५ मे १९४१ रोजी उडाले.

श्रोत्यांत जे विद्यार्थी असतील, त्यांना माझी एक विनंती आहे: घरी गेल्यावर कार्यक्षमता शेकडा सत्तर धरून वरील हिशेब स्वतः मांडा, आणि किती शिल्लक उरते ते पाहा.