टॉमस गर्टिन : जलरंगांचा निसर्गचित्रकार

इंग्लंडच्या निसर्गचित्रकारांत टर्नरचें नांव सर्वतोमुखी झालें. परंतु टॉम गर्टिन जगला असता तर आपणांस उपाशी मरावें लागलें असतें, असे उद्गार खुद्द टर्नरनें काढल्याचें सांगतात. हा गर्टिन अवघीं सत्तावीस वर्षें जगला.

त्याचा जन्म लंडनच्या साउथवर्क भागांत १७७५ सालीं झाला. टर्नरही त्याच वर्षींचा. बाप ब्रश तयार करणारा. तो मुलाच्या लहानपणींच वारला. १७८९ मध्यें गर्टिन एडवर्ड डेज या चित्रकाराकडे उमेदवारी करूं लागला. पुढें कलाप्रेमी डॉ. मन्रो यांच्या घरीं सायंकाळीं सहा ते दहा तो व टर्नर कझन्सचीं चित्रें उतरून काढीत. रेखाटन गर्टिनचें, छायाप्रकाश टर्नरचा.

त्या काळीं जलरंगचित्र म्हणजे बहुधा जुन्या मठांची, किल्ल्यांची रंगविलेली नोंद असे. आधीं करडी छाया घालावयाची आणि तिच्यावर फिकट रंगाचा हात फिरवावयाचा, ही रूढ रीत. गर्टिननें ती सोडली. खरबरीत, पाणी शोषणाऱ्या कागदावर तो प्रथमपासूनच रंगाचे रुंद ओघ सोडूं लागला. १७९६ मध्यें तो उत्तर इंग्लंडांत हिंडला; तेथील ओसाड माळ आणि विस्तीर्ण आभाळ हेच मग त्याच्या चित्रांचे विषय झाले. इमारत निमित्तापुरती उरली.

१८०० सालचें त्याचें ‘चेल्सी येथील पांढरें घर’ पाहावें. थेम्सवर सांज उतरली आहे. पैलतीरीं एकच घर उजळलें आहे व त्याचें शुभ्र प्रतिबिंब पाण्यांत पडलें आहे. ही शुभ्रता रंगाची नव्हे. तेथें कागदच कोरा राखलेला आहे. जलरंगांत एकदां झांकलेला उजेड सहसा परत मिळत नाहीं; काय रंगवावयाचें नाहीं, हें आधींच ठरवावें लागतें.

दम्यानें प्रकृति खंगत असतांही १८०१ च्या अखेरीस तो पॅरिसला गेला व तेथील वीस दृश्यांचे ठसे त्यानें केले. परत आल्यावर १८०२ मध्यें अठरा फूट उंच व एकशें आठ फूट घेराचें लंडनचें वर्तुळाकार चित्र त्यानें लोकांपुढें मांडलें. त्याच वर्षीं ९ नोव्हेंबरला तो निवर्तला. तें प्रचंड चित्र नष्ट झालें. त्याच्या निळ्या रंगांतील नीळ कच्ची निघाल्यानें कित्येक आकाशें आज तांबूस दिसतात. चेल्सीचें तें लहानसें घर मात्र पैलतीरावर अद्याप उजळलेलें आहे.