मधुमेह, थायरॉईड आणि न तपासलेली मान

परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील मधुमेह-संशोधनाचा आढावा घेण्याची प्रथा असली, तरी वर्षानुवर्षे चालत आलेल्या एका हेळसांडीविषयी आज स्पष्ट बोलणे भाग आहे. मधुमेहीची साखर, मूत्रपिंड, डोळे आणि पाय तपासले जातात; मानेला मात्र कोणी हात लावत नाही.

गळ्याच्या पुढच्या भागातील थायरॉईड ग्रंथी चयापचयाचा, म्हणजे अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या आणि ती वापरण्याच्या क्रियेचा, वेग ठरवते. ती मंदावली की तिला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक रक्तात सहसा वाढते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत जवळपास ११ टक्के लोकांत ही ग्रंथी मंदावलेली आढळली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात धोका अधिक असतो, कारण इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटलेली प्रतिकारशक्ती थायरॉईडवरही उलटू शकते. स्त्रिया, उतारवयातील माणसे, घराण्यात थायरॉईडचा विकार असलेले आणि लिथियम किंवा अमिओडेरोन ही औषधे घेणारे रुग्ण यांच्याबाबतही सावध राहावे लागते.

पहिल्या प्रकारात निदानानंतर लवकरच थायरॉईड तपासावी, याबद्दल दुमत नाही. वाद दुसऱ्या प्रकाराचा आहे. सरसकट तपासणीने खर्च वाढतो आणि किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी रुग्णाच्या गळ्यात आयुष्यभराची गोळी पडते, असे अनेक सहकारी म्हणतात. प्रस्तुत वक्त्याच्या दीर्घ व्यवसायातील एका उदाहरणाने या वादाचा निकाल लागावा. नालासोपाऱ्याहून पहाटेच्या लोकलने मुंबईला कामाला जाणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंची साखर वारंवार एकदम खाली जाऊ लागली. अन्यत्र त्यांना जेवण चुकवल्याबद्दल बोलणी बसली आणि थकवा मधुमेहाच्या माथी मारला गेला. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, कातडी कोरडी पडली होती, मानेवर गाठ हाताला लागत होती. मंदावलेल्या थायरॉईडमुळे इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकत होते आणि यकृत साखर कमी सोडत होते. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर साखरेची ही घसरण थांबली. मान चाचपायला छदामही लागत नाही. मग खर्चाचा आक्षेप कशासाठी?

लक्षणे किंवा जोखीम असेल तिथे टीएसएच तपासावे, किंचित वाढ असल्यास दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करूनच गोळीचा निर्णय घ्यावा. ती रिकाम्या पोटी पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवायची असते. पहाटेची गाडी गाठणाऱ्याला हे जमत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी ती घेता येते, हे त्याला समजावून सांगायला हवे.

वसई-विरारसह पालघर जिल्ह्यातील दवाखान्यांनी मधुमेहींच्या थायरॉईड-तपासणीची एक सामाईक नोंदवही ठेवावी. तिचे स्वरूप यथावकाश ठरवता येईल. पण मान तपासण्यासाठी त्या नोंदवहीची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या सकाळी येणाऱ्या पहिल्या मधुमेही रुग्णापासून ते काम सुरू झाले नाही, तर या परिषदेतील सारी चर्चा व्यर्थ ठरेल.