कंपासपेटीतला कॉम्प्युटर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल." एआयवर बोलणारे आज रिक्षा स्टँडवरही भेटतात. त्यामुळे मी एका फजितीवर बोलणार आहे. फजिती माझी आहे, घरातली आहे आणि तिची एक तार थेट आपल्या प्रयोगशाळेपर्यंत येते.

हे टेबलावर काय ठेवलंय, ते मागच्या बाकांना दिसणार नाही म्हणून सांगते. ही माझी कंपासपेटी. पत्र्याची, कोपऱ्यातून गंजलेली. झाकणाच्या आत अजून माझ्या अक्षरात "इ. ८ वी ब" दिसतं. २०२४ च्या दिवाळीच्या आधी मी वाईला आले होते. आई माळा आवरत होती, तेव्हा ही निघाली. आत करकटक, अर्धा कोनमापक आणि वाळून दगड झालेलं खोडरबर. मी ती सोबत न्यू जर्सीला घेऊन गेले आणि तिथे तिला कामाला लावलं. फजिती तिथूनच सुरू होते.

आमच्या गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे आहेत. ती विजेवर चालते, आणि चालताना, तसंच पार्क केलेली असतानाही, आजूबाजूचं चित्रण करते. हे चित्रण ठेवायला तुम्ही गाडीच्या यूएसबीच्या खाचेत पेन ड्राइव्ह लावायचा. तो भरला की काढून घरात आणायचा, रिकामा करायचा, परत लावायचा. हे रोज कोण करणार? म्हणून माझ्यासारखे हौशी लोक पेन ड्राइव्हच्या जागी एक छोटा कॉम्प्युटर बसवतात. त्याचं नाव रास्पबेरी पाय झिरो. आईला हे नाव सांगितलं तर ती म्हणाली, "कसला पाय?" साडेसहा सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी. मी घेतलेला प्रकार २०२१ मध्ये आला, तेव्हा किंमत पंधरा डॉलर. याच्या अंगी एक कला आहे: गाडीला तो स्वतः पेन ड्राइव्ह असल्याचं भासवतो. गाडी बिचारी त्याच्यावर विश्वास ठेवून लिहीत राहते. रात्री गाडी घरी आली की हा पठ्ठ्या वाय-फायवरून दिवसभराचं चित्रण घरातल्या मोठ्या डिस्कवर पाठवतो आणि स्वतःकडची जागा मोकळी करतो. कोणी हात लावायला नको.

यात एक गोम आहे. गाडी लिहीत असताना याने त्याच जागेत ढवळाढवळ करायची नाही. एकाच हजेरीपुस्तकात दोन वर्गशिक्षकांनी एकमेकांना न विचारता खुणा केल्या तर जे होईल, तेच डिस्कचं होतं. म्हणून आधी आहे त्या स्थितीची एक छबी घ्यायची आणि छबीतून फायली पाठवायच्या. हे सगळं मी नीट केलं होतं. वर्षभर ते एका प्लॅस्टिकच्या खोक्यात गाडीच्या कप्प्यात पडून मुकाट चालत होतं. रोज रात्री फोनवर संदेश यायचा: "सर्व चित्रण सुरक्षित."

दिवाळीनंतर मी त्याला प्लॅस्टिकच्या खोक्यातून काढून या कंपासपेटीत बसवलं. खाली रबराचा तुकडा, बाजूला इन्सुलेशन टेप, वायर बाहेर यायला कानशीने एक खाच. काय दिसत होतं म्हणून सांगू! मी फोटो आपल्या ग्रुपवर टाकला होता, तुमच्यापैकी चाळीस जणांनी अंगठे दिले होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरचा सोमवार. माझा नवरा जेवताना म्हणाला, "गाडीच्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या चिन्हावर फुली येतेय." मी म्हटलं, "रात्रीचा संदेश तर व्यवस्थित येतोय. शनिवारी बघते."

गुरुवारी संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना चौकात डावीकडून एक पिकअप ट्रक त्याच्या गाडीवर आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकी तो सुखरूप होता, हे आज मी शांतपणे सांगू शकते. ट्रकवाल्याने पोलिसांना सांगितलं, "मला हिरवा होता." नवऱ्याने सांगितलं, "मला हिरवा होता." साक्षीदार कोणी नाही. पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या गाडीला कॅमेरे असतात ना?" नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "हो, आणि माझ्या बायकोने त्याची खास व्यवस्था केलेली आहे."

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर रात्री दीड वाजता मी कंपासपेटी उघडली आणि कार्ड लॅपटॉपला लावलं. कार्ड काठोकाठ भरलेलं. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीजवळून जाणारी माणसं, छत्र्या, एक खार, शेजारच्या गाडीचं दार उघडून सँडविच खाणारे एक गृहस्थ. असे ऐंशी प्रसंग. शेवटचा आदल्या शुक्रवारचा. त्यानंतर जागाच नव्हती म्हणून गाडीने लिहिणं थांबवलं होतं. त्या चौकातला तो सिग्नल त्यात कुठेच नव्हता. आणि फोनवर त्याही रात्री, मी हॉस्पिटलात बसलेली असताना, संदेश आलेला होता: "सर्व चित्रण सुरक्षित."

विमा कंपनीने दोघांची निम्मी निम्मी चूक धरली.

आता शोध. गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून मी सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. पहिला संशय विजेवर. हा छोटा कॉम्प्युटर पाच व्होल्टवर चालतो. वायर बारीक किंवा लांब असली तर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. तसं काही नव्हतं. दुसरा संशय कार्डावर. बाजारात बनावट कार्डं फार आहेत. वर १२८ जीबी लिहिलेलं, आत बत्तीस. बत्तीस भरले की जुन्यावरच लिहीत सुटतं. त्याची परीक्षा घेण्याची एक खात्रीची पद्धत: पूर्ण भरेपर्यंत लिहायचं आणि सगळं परत वाचून ताडून पाहायचं. एक अख्खी रात्र गेली. कार्ड अस्सल निघालं. मग नोंदी वाचल्या. या पट्टीवर घड्याळाची बॅटरी नसते. वाय-फाय मिळेपर्यंत त्याला आजची तारीख कळत नाही, मागच्या वेळी बंद होतानाची वेळ धरून तो पुढे मोजत बसतो. त्यामुळे नोंदींमध्ये मंगळवारनंतर सोमवार आणि त्यानंतर पुन्हा सोमवार. वाचून डोकं उठलं.

आणि सर्वांत मोठा वैताग म्हणजे टेबलावर सगळं उत्तम चालत होतं. ते ऐंशी प्रसंग सकाळपर्यंत भराभर घरच्या डिस्कवर पोचले. मी म्हटलं, चला, काहीतरी तात्पुरतं होतं. झाकण लावलं, गॅरेजमध्ये गाडी उभी राहते त्या जागी पॉवर बँकेला जोडून ठेवलं. पाऊण तासाने पाहते तो एकही प्रसंग पोचलेला नाही. परत टेबलावर आणलं, झाकण काढलं, चालू. असं तीनदा झालं. तुमच्यापैकी काही जण आता गालात हसताहेत. मला तिसऱ्या वेळेपर्यंत कळलं नव्हतं.

चौथ्या रात्री कोट घालून गॅरेजमध्येच बसले, मांडीवर लॅपटॉप. वाय-फायची ताकद आकड्यात दिसते, आणि तो आकडा उणे असतो. उणे पन्नास म्हणजे छान, उणे ऐंशी म्हणजे जेमतेम जीव. पडद्यावर उणे ५१ होतं. काही दोष नाही. थंडी वाजत होती, आवरायला म्हणून झाकण लावलं, आणि आकडा उणे ८१ झाला. झाकण काढलं, ५१. लावलं, ८१. तीसचा फरक म्हणजे हजारपट कमी शक्ती. वायरसाठी पाडलेल्या खाचेतून जो काय थोडा सिग्नल झिरपत होता, तेवढाच.

त्या क्षणी मला गॅरेज दिसेनासं झालं आणि आपली प्रयोगशाळा दिसली. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही तुमचा ट्रान्झिस्टर आणला होता, आकाशवाणी पुणे लागलं होतं. कोणाकडून तरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा मागवलात, चालू ट्रान्झिस्टर आत ठेवलात आणि झाकण लावलंत. गाणं बंद. झाकण काढलंत, गाणं चालू. मग आम्ही प्रत्येकाने करून पाहिलं. तास संपला तरी आम्ही झाकण लावतच होतो, आणि पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या. चाचणीत त्यावर प्रश्न होता, "कारण द्या." मला पैकीच्या पैकी मिळाले होते. पुढे मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. तीस वर्षांनी मी एक वाय-फायवाला कॉम्प्युटर पत्र्याच्या पेटीत घातला, झाकण लावलं, आणि फोटो तुम्हा सगळ्यांना पाठवला.

पुढचा हिशेब सोपा होता. दहा मिनिटांचा एक प्रसंग, चार कॅमेरे, म्हणजे साधारण सव्वा जीबी. प्लॅस्टिकच्या खोक्यात होता तेव्हा चार-पाच मिनिटांत जायचा. पेटीतून त्याला तासभर लागत होता. घरी आल्यावर पाऊण तासाने गाडी झोपते आणि यूएसबीची वीज तोडते. अर्धवट गेलेला प्रसंग टाकून देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून पाठवायचा, हा नियम माझाच. म्हणजे रोज रात्री तोच पहिला प्रसंग पाऊण तास धापा टाकत धावत होता आणि पोचत नव्हता. रोज सहा-सात नवे येत होते. जागा शंभर जीबीची. कामाचे बारा दिवस, आणि कार्ड फुल्ल.

इथपर्यंत सगळी चूक पत्र्याची. तो संदेश मात्र पत्र्याने पाठवला नव्हता.

मी स्क्रिप्ट उघडली. वर्षापूर्वी, अगदी सुरुवातीला, कधीकधी पहिल्या झटक्यात वाय-फाय मिळायचं नाही आणि मध्यरात्री फोन वाजायचा. झोपमोड नको म्हणून पाठवण्याच्या ओळीच्या शेवटी मी एक बारीकशी सूचना घातली होती: हे जमलं नाही तरी जमलं असं समज आणि पुढे जा. पुढची ओळ संदेशाची. काल पाठवलं किती, पोचलं किती, याच्याशी त्या संदेशाचा काही संबंधच नव्हता. तो फक्त एवढंच सांगत होता की मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो. ऑफिसमध्ये नवीन मुलामुलींनी असं काही लिहिलं तर मी त्यांचं काम परत पाठवते. समजावून सांगते, प्रेमाने, उदाहरणं देऊन. स्वतःच्या घरात मी तेच लिहून वर्षभर निवांत झोपले होते.

नवऱ्याला मी हे दोन्ही सांगितलं. कंपासपेटीचं ऐकून तो हसला, हसताना खांदा दुखला. संदेशाचं ऐकून काही बोलला नाही. जानेवारीत एके सकाळी एका हाताने कोटाची बटणं लावताना एवढंच म्हणाला, "फुली होती गं." मी बटणं लावून दिली.

आता ती पट्टी साबणाच्या डबीत असते. प्रवासात नेतो ती, प्लॅस्टिकची, पाणी निथळायला भोकं असलेली. हवाही खेळते. दिसायला अगदीच ही. ग्रुपवर फोटो टाकलेला नाही. संदेश बदलला. आता तो सांगतो, आज इतके आले, इतके पोचले, इतकी जागा शिल्लक. आणि चोवीस तासांत त्याच्याकडून काहीच आलं नाही तर घरातला दुसरा कॉम्प्युटर बोंब मारतो, कारण मेलेला माणूस स्वतःच्या मरणाची चिठ्ठी पाठवत नाही, हे मी आधी धरलंच नव्हतं. मध्यरात्री फोन वाजतो अधूनमधून. वाजू दे. महिन्यातून एकदा नवरा डोळे मिटून यादीतल्या कुठल्यातरी दिवसावर बोट ठेवतो आणि आम्ही ते चित्रण टीव्हीवर लावतो. मागच्या महिन्यात ते सँडविचवाले गृहस्थ पुन्हा निघाले. त्यांनी गाडी बदलली आहे.

सर, मी एक ट्रान्झिस्टर मिळवला आहे. आज तो मिळवायला पुण्यात तीन दुकानं हिंडावी लागली. या कंपासपेटीत तो मावत नाही, पण चहाच्या टेबलाशेजारी बिस्किटांचा डबा आहे, तो रिकामा झाला की मला हवाय. झाकण मात्र तुम्ही लावायचं.