चंदीगडचे पाणी आणि सभागृहाचा अधिकार



चंदीगडला स्वतःची बारमाही नदी नाही. शहराचे बहुतेक पिण्याचे पाणी पंजाबातील काजौली येथे भाक्रा कालव्यातून उपसले जाते. उरलेले कूपनलिकांतून येते. उगम ज्या महापालिकेच्या हाती नाही, तिच्याकडे पाण्याचा दर ठरवणे तेवढे उरते. आणि तेही पुरतेपणी नाही.

मार्च २०२४ मध्ये सभागृहाने प्रत्येक कुटुंबास दरमहा २०,००० लिटर पाणी विनामूल्य देण्याचा ठराव संमत केला. केंद्राने नेमलेल्या प्रशासकांनी तो मानला नाही. याच सभागृहाच्या महापौरपदाची निवडणूक मतपत्रिका विद्रूप करून फिरवली गेली होती, आणि ती २० फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाला दुरुस्त करावी लागली होती! महापौर न्यायालयाने मिळवून दिला. ठराव अमलात आणण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

तत्पूर्वी, डिसेंबर २०२२ मध्ये, फ्रेंच विकास संस्थेचे कर्ज व युरोपीय संघाचे अनुदान घेऊन चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना ठरली होती. चोवीस तास पाणी कोणाला नको? परंतु कर्ज आले की पाणीपट्टीचा प्रश्न आलाच, आणि तो सेक्टरांतील बंगल्यांपेक्षा वसाहतींतील श्रमिकांना अधिक जाचणार.

महाराष्ट्रात तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याचा हक्कच हंगामापुरता विकता-घेता येईल अशी तरतूद केली. ज्याच्या गाठीला पैसा, त्याच्या शेतात वा कारखान्यात पाणी, हा त्या बाजाराचा सरळ अर्थ. बोलिव्हियातील कोचाबांबाच्या जनतेने पाणीपुरवठ्याचा खाजगी करार एप्रिल २००० मध्ये रस्त्यावर उतरून रद्द करवला.