माळ्यावरचा टीव्ही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. परंतु मी जुना टीव्ही दुरुस्त केला ही बातमी आळीत पसरली आणि चिटणीसबाईंनी मला येथे उभे केले.

मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. माझ्या वडिलांनी संच घेतला तो १९८४ साली. कृष्णधवल, लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा. वडील गेल्यावर तो माळ्यावर पडला. भंगारवाल्यास द्यावयास आई तयार होईना. दुकानदार म्हणाला, "फेकून द्या." तेव्हा मी तो घरी आणला.

प्रथम मी मूर्खपणाच केला. प्लग लावला, पडद्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ उमटली, बाकी काळोख. प्लग काढून पाठ उघडली आणि आत हात घातला. असा झटका बसला की कोपर भिंतीवर आपटले, बांगड्या फुटल्या. प्लग काढला म्हणजे वीज गेली, अशी माझी समजूत! चित्रनळीत दहा-पंधरा हजार व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही राहू शकतो, हे मला कोणी सांगितले होते?

ते सांगितले शेजारच्या काकांनी. त्यांनी चाळीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता दृष्टी गेली. आधी ते रागावले. "इतकी वर्षे पडलेला संच एकदम विजेला लावलास? कंडेन्सर सुकलेले असतात, फुटतात." मग शंभर वॉटचा दिवा मध्ये जोडून संच लावावयास शिकवले. दिवा भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. नळीतला साठा काढावयाचा तो नळीच्या बाहेरच्या अर्थिंगला तार बांधलेल्या, लांब मुठीच्या पेचकसाने. एक हात पाठीशी. अंगावर धातू नको. मंगळसूत्राचे काय करावे, हा प्रश्न आला. सासूबाईंनीच ते देव्हाऱ्यात ठेवावयास सांगितले. तो झटका त्यांनी पाहिला होता.

रोधकांवरचे रंग मी पाढ्यांसारखे पाठ केले: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम. दुपारची भांडी घासताना म्हणत असे.

काका विचारीत, "शीळ ऐकू येते का?" टीव्हीत सेकंदास १५,६२५ वेळा रेघा ओढल्या जातात, त्याची ती बारीक शीळ. काकांना ती केव्हाच ऐकू येईनाशी झाली होती. मला अंधुक येई, माझ्या मुलीला स्पष्ट. शीळ आहे, म्हणजे आडवा भाग चालू आहे. दोष उभ्या भागात. उजेड कमी करून ठेवा, नाही तर ती रेघ पडद्यावर जळून कायमची बसते, असेही त्यांनी बजावले.

शेवटी सापडले ते काय? उभ्या भागातल्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी डाखाभोवती केसासारखी गोल चीर. तापून निवून डाख सुटला होता. त्यासाठी तीन आठवडे! नवा डाख दिला, दोन सुकलेले कंडेन्सर बदलले, आणि रेघ उघडून पडदाभर झाली.

पूर्वीची अँटेनावरची प्रक्षेपणे आता जवळजवळ सर्वत्र बंद झाली आहेत. म्हणून सेटटॉप बॉक्समधून एक लहान मॉड्युलेटर जोडला. आई आली, समोर बसली, आणि पहिले काय केले, तर दोन्ही दारे एकदा सरकवून पाहिली.

कोणाच्या माळ्यावर असा संच असेल तर मला विचारल्यावाचून प्लग लावू नका. दुपारी तीननंतर मी घरीच असते.