घडातला कोळी आणि पेटीतला कोळी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो हमालीच्या दराविषयी नाहीतर 1969 च्या माथाडी कायद्याविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज आम्ही कोळ्याविषयी बोलणार आहोत. ही सावकारावरची उपमा नव्हे. खरोखरच आठ पायांचा कोळी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि हमालांच्या बैठकीत झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा नसावी.

हा विषय आमच्यापुढे आणला एका हमालाच्या मुलाने. गेल्या पावसाळ्यात तो मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, “भाऊ, शहरात लोक मोठाले कोळी काचेच्या पेटीत पाळतात. ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याला बापाच्या महिन्याच्या हमालीएवढी किंमत मिळते. आपण पालच्या जंगलातले धरून विकले तर?”

आम्ही लगेच उत्तर दिले नाही; आधी वाचले. जे समजले ते सांगतो.

केळीचा घड उतरवताना फण्यांतून जो चपटा, लांब पायांचा कोळी सरकन् निघतो, तो हा नव्हे. तो जाळे विणीत नाही, रात्री झुरळे मारतो, आणि मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. मालाबरोबर फिरत फिरत तो जगातल्या बहुतेक उष्ण देशांत पोचला आहे. माणसाच्या जिवाला त्याचे भय नाही, तरी आपण त्याला पाहताच विळा उगारतो.

पेटीतला तो टॅरँट्युला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतातली जात जाड, केसाळ आणि बिळात राहणारी. डिवचले तर तोंडाचे अवयव एकमेकांवर घासून फुसफुसते. तिच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण वेदना व ओकाऱ्या होतात. कुत्री मात्र मेलेली आहेत. पाळायची तर खोल, दमट माती, पाण्याची वाटी आणि खायला नाकतोडे, झुरळे लागतात. कात टाकताना ती उताणी पडते आणि नवशिका मालक मेली समजून तिला हलवतो. तेच तिच्या जिवावर बेतते. एरवी ती दिवसेंदिवस बिळाबाहेर येत नाही. म्हणजे पैसे मोजून आणलेला प्राणी मालकाला दिसतही नाही! नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही. मादी मात्र दहा-बारा वर्षे, कित्येकदा त्याहून बरीच अधिक जगते. मुलाच्या हट्टाने आणलेली मादी मुलगा नोकरीला लागेपर्यंत घरात असते.

आता आपल्याच देशातली गोष्ट ऐका. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत एक निळा टॅरँट्युला सापडला आणि 1899 साली पोकॉक या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे सुमारे शंभर वर्षे तो कोणाला भेटला नाही. मग कळले की त्याचे घर गुत्तीत नव्हतेच. सुमारे शंभर किलोमीटर दूरच्या जंगलात, झाडांच्या ढोलीत होते. लाकडाबरोबर तो रेल्वेने वखारीत आला असावा. आमच्या स्थानकावर केळीची वाघीण भरणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. आज तो निळा कोळी परदेशांतल्या हौशी लोकांच्या पेट्यांत आहे, आणि इकडे 2008 पासून नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत मोजला जातो. झाडे तुटली, आणि हौसेसाठी धरपकडही झाली. 2019 साली त्याच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आला. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती होऊन, अशा व्यापार-निर्बंधाच्या सूचीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली. आणि पालच्या बाजूचे यावल अभयारण्य 1969 चे. तेथून प्राणी उचलणे हा सरळ गुन्हा.

त्या मुलाला आम्ही म्हणालो, “दुकानातली किंमत तू पाहिलीस. ढोलीत हात घालणाऱ्याच्या हातात त्यातले किती पडणार? पकडला गेलास तर तुरुंगात तू जाणार, व्यापारी नाही. आणि दहा वर्षे पिल्ले देणारी मादी एकदा उचललीस, की पुढल्या हंगामात तुझेही काम संपले.”

तो म्हणाला, “मग दुसरे काम द्या.”

मंडळी, त्याला देण्याजोगे काम त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. तो आजही आमच्यावर रुसलेला आहे आणि त्याचे चुकते असे आम्हांला म्हणवत नाही. जंगल राखा असे गरिबाला सांगायचे, तर त्याच्या हाताला काम देणे हाही त्याच उपदेशाचा भाग आहे. तो भाग आम्ही अजून पुरा केलेला नाही.

हौस असणाऱ्यांना एवढेच सांगतो: विकत घेण्याआधी विचारा, हा प्राणी पेटीत जन्मला की जंगलातून ओढून आणला, आणि त्याचे कागद कुठे आहेत? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा. आणि बागाईतदार व हमाल बांधवांनो, उद्या घडातून कोळी निघाला तर विळा खाली ठेवा. तोही रात्रपाळीचा कामगारच आहे.