समाजभावना आणि पुढाऱ्यांचे कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समाजात आपलेपणा उरला नाही, अशी तक्रार प्रतिवर्षी याच व्यासपीठावरून होत असते. तो निर्माण कसा व्हावा, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडून गेले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, कामे आपल्या हातांनी करीत आणि एका पंगतीस जेवीत. पैशाची नेहमीच ओढाताण असे. तेव्हा मुष्टिफंडाची योजना निघाली. गृहिणीने मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावयाचे, एवढाच तिचा नियम. धनिकाच्या देणगीने इमारत उभी राहते. परंतु मूठभर जोंधळे देणाऱ्या माउलीला ते वसतिगृह आपले वाटू लागते. मात्र मागणाऱ्याने आधी स्वतः दिले होते. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने खर्ची घातले. पुढाऱ्याच्या घरची मूठ प्रथम उघडली, म्हणून लोकांची उघडली.

आता आपल्याकडे पाहू. गतवर्षीच्या संमेलनास एक विधवा भगिनी आल्या नाहीत. मी घरी जाऊन कारण विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, वर्गणी भरली नाही, पानावर कोणत्या तोंडाने बसू?" त्याच दिवशी पहिल्या पंगतीत देणगीदारांची पाने मांडली होती, आणि ती मांडण्यास माझाही हात लागला होता. हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. वर्गणीस किमान रकमेची अट नसावी. जमाखर्च सर्वांसमक्ष वाचला जावा. पदाधिकाऱ्यांनी आधी वाढावे, मग जेवावे. आणि विद्यार्थी-साहाय्य निधीतील एक तरी वाटा ज्ञातीबाहेरील गरजू मुलास मिळावा; कारण आपलेपणाला कुंपण घातले की त्याचा दुरभिमान होतो. साताऱ्याच्या त्या पंगतीचा अर्थ मला तरी हाच वाटतो.

पुढील वर्षी जे घर येणार नाही असे वाटेल, तेथे नुसती छापील पत्रिका न धाडता अध्यक्षांनी स्वतः बोलावणे करण्यास जावे. वाट दाखविण्यास मी बरोबर येईन.